फीडबॅक वाढवला की सूर उतरतो? डीट्यूनला हात लावण्याआधी हे वाचा

"सिंथ बेसूर वाजतोय, बग आहे, कधी दुरुस्त करणार?" अशी मेल आम्हाला इतक्या वेळा आलीये की तेच उत्तर परत परत कॉपी-पेस्ट करायची आता लाज वाटायला लागली, म्हणून आमच्या एफएम सिंथबद्दल (एका लहरीने दुसरी हलवून आवाज बनवणारा सिंथ) हे पत्रक. आम्ही दोघंच आहोत, एक जण कोड लिहितो, दुसरा म्हणजे मी प्रीसेट बनवतो आणि सपोर्टही बघतो, त्यामुळे एका पॅचमागे (एका आवाजाच्या सेटिंगमागे) अर्धा दिवस गेला की नवीन प्रीसेट तेवढे मागे पडतात. चार शब्द आधीच सांगून ठेवतो: ऑपरेटर म्हणजे एक साइन लहर बनवणारा भाग, कॅरियर म्हणजे जो ऐकू येतो तो ऑपरेटर, मॉड्युलेटर म्हणजे त्याला हलवणारा, आणि रेशो म्हणजे ऑपरेटरची फ्रिक्वेन्सी दाबलेल्या पट्टीच्या किती पट.

परवा आलेला पॅच सांगतो, म्हणजे लगेच कळेल. एकच ऑपरेटर चालू, फीडबॅकचा (ऑपरेटरचा आउटपुट त्यालाच परत देण्याचा) मोड "खरं एफएम", फीडबॅकची डेप्थ (जोर) २०० हर्ट्झ, की-ट्रॅकिंग (पट्टीबरोबर डेप्थ वाढवणं) बंद, आणि डीट्यून (सूर वरखाली सरकवणं) अधिक १६३ सेंट (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). सोबत लिहिलेलं, "एका पट्टीवर बरोबर वाजतो, बाकी सगळीकडे बेसूर". आता हे १६३ कुठून आलं? तर भल्या माणसाने ४४० हर्ट्झची पट्टी दाबली, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा, ट्युनरवर बघितलं तर ३९२ दिसले, म्हणजे थेट पांढरी पाच! दोन सेमीटोन खाली. मग त्याने डीट्यून फिरवत फिरवत काटा ४४० वर आणला आणि तिथे खरंच चोख वाजायला लागलं. पण वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर, ८८० ला, तो आता सव्वा सेमीटोन चढा होता, खालच्या २२० ला वाजत होते साधारण १३६ हर्ट्झ, आणि अजून एक सप्तक खाली गेलं की नुसतं टक् आणि शांतता.

यात बग कुठेच नाहीये, सिंथने सांगितलं तेच केलं. खऱ्या एफएममध्ये मॉड्युलेशन ऑपरेटरच्या वेगावर होतं. फीडबॅक दिला की ऑपरेटर स्वतःचाच आउटपुट बघून अर्ध्या आवर्तनात पळतो आणि अर्ध्यात रेंगाळतो. वाटतं की जेवढं पळालं तेवढंच रेंगाळलं, हिशोब बरोबरीत सुटेल. नाही सुटत. शाळेतलं गणित आठवा, जाताना ताशी २० ने गेलो आणि येताना ताशी ६० ने आलो तर सरासरी वेग ४० येत नाही, ३० येतो, कारण हळू चाललेल्या वाटेवर वेळ जास्त जातो. इथेही तेच, आवर्तन लांबतं आणि सूर उतरतो. किती उतरतो याचं सूत्रही सोपं आहे, मूळ फ्रिक्वेन्सीचा वर्ग, त्यातून डेप्थचा वर्ग वजा, आणि त्याचं वर्गमूळ. ४४० आणि २०० टाकून बघा, ३९२ येतात. २२० ला (डीट्यून न करता) येतात जेमतेम ९२. ८८० ला ८५७, म्हणजे सेमीटोनच्याही आत. म्हणूनच वरच्या पट्ट्या "जवळपास ठीक" वाटतात आणि खालच्या मेल्यासारख्या. ११० ला डेप्थच फ्रिक्वेन्सीपेक्षा मोठी आहे, तिथे ऑपरेटर एका जागी अडकून बसतो, आवर्तन पूर्णच होत नाही, मग आवाज कुठून येणार.

तर मुद्दा एवढाच, फीडबॅकने उतरलेला सूर डीट्यूनने चढवू नका. डीट्यून सगळ्या पट्ट्या एकाच प्रमाणात हलवतं, आणि हा उतार मात्र प्रत्येक पट्टीला वेगळा आहे. बरं, फीडबॅकवर एन्व्हलप (नोट चालू असताना वेळेनुसार होणारा बदल) किंवा व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) लावली असेल तर एकाच पट्टीवर, एकाच नोटमध्ये सूर घसरत राहतो, तिथे कुठला डीट्यून लावणार? की-ट्रॅकिंग चालू केलं तर डेप्थ पट्टीबरोबर वाढते आणि सगळीकडे सारखंच उतरतं, म्हणजे डेप्थ फ्रिक्वेन्सीच्या ०.६ पट ठेवली तर सगळीकडे ०.८ पट, साधारण ३८६ सेंट खाली, तेव्हा डीट्यून चालून जातं, पण एन्व्हलप लावेपर्यंतच. एन्व्हलप लावला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खरा उपाय दोन सेकंदांचा आहे. फीडबॅकच्या नॉबखाली छोटा स्विच आहे, तो "खरं एफएम" वरून "फेज" वर टाका, डीट्यून शून्य करा, झालं. फेज मोडमध्ये फीडबॅक वेगाला हात लावत नाही, आवर्तनातली जागा तेवढी पुढेमागे सरकवतो. चालत्या गाडीत माणूस डब्यातून कितीही येरझाऱ्या घालू दे, गाडी स्टेशनात वेळेवरच पोचते, तसं. वेव्हचा आकार बदलतो, सूर जागेवर राहतो.

थोडी कबुली देतो, यात आमचाही दोष आहे. स्विचला "खरं एफएम" नाव दिलं तेव्हा लोक दुसऱ्याला खोटं समजतील हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पण मंडळी, ते "खोटं"च तुम्ही आयुष्यभर ऐकत आलाय. जॉन चाउनिंगने स्टॅनफर्डला १९६७ साली एफएमने आवाज बनवायची ही युक्ती शोधली, त्यावरचा त्याचा पेपर १९७३ मध्ये आला, यामाहाने लायसन्स घेतलं, आणि १९८३ मध्ये जो डीएक्स७ सिंथ आला, सहा ऑपरेटर आणि ३२ अल्गोरिदमवाला (ऑपरेटर एकमेकांना जोडायच्या ३२ रीती), तो नावाने एफएम असला तरी आत करतो फेज मॉड्युलेशनच. त्याच्यातला फीडबॅक ० ते ७ कितीही करा, सूर हलत नाही, कारण हेच.

मग खरं एफएम ठेवलंयच कशाला, काढून टाका, असंही एक-दोघांनी सुचवलं. नाही काढणार. सूर घसरवणं हेच जिथे हवं असतं तिथे त्याला तोड नाही. फीडबॅकवर छोटा एन्व्हलप लावून सुरुवातीला डेप्थ जास्त ठेवली की नोट खालून वर झेप घेते आणि त्याच वेळी आवाज खरखरीत पासून गोल होत जातो, दोन्ही एकाच हालचालीत. वेगळा पिच एन्व्हलप आणि वेगळा फिल्टर लावून हे करून बघा, तसं चिकटून येत नाही. प्रीसेट बँकेतले धातूचे आघात मी असेच बनवलेत.

आता दोन्ही एकत्र वापरायचं, म्हणजे दोन नंबरचा ऑपरेटर एक नंबरला मॉड्युलेट करतोय आणि वर फीडबॅकही हवाय. आमच्याकडे मॉड्युलेशनचा मोड आणि फीडबॅकचा मोड वेगळे निवडता येतात, हे आम्ही मुद्दाम केलंय, त्यामुळे मॉड्युलेशन खरं एफएम आणि फीडबॅक फेज असं बिनधास्त ठेवा. मॉड्युलेशन खरं एफएमच ठेवून दोन नंबरला फीडबॅकही खऱ्या एफएमचा दिला, तर गंमत बघा, दोन नंबर तर उतरतोच, वर त्याच्या आउटपुटमध्ये डीसी (लहर शून्यापासून एका बाजूला सरकल्याने येणारा स्थिर भाग) तयार होतो, तो एक नंबरच्या वेगात जाऊन बसतो आणि ज्याच्यावर फीडबॅकच नाही तो एक नंबरही बेसूर होतो. लोक मग एक नंबरचे सगळे नॉब तपासत बसतात. अशा वेळी डीसी फिल्टर चालू केला की एक नंबर जागेवर येतो, दोन नंबर मात्र उतरलेलाच राहतो, म्हणजे दोघांमधला रेशो बिघडलेलाच. फेज निवडा आणि मोकळे व्हा.

फीडबॅक कुठे द्यायचा यानेही खूप फरक पडतो. कॅरियर १, मॉड्युलेटर २ असा रेशो ठेवला की फक्त विषम हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या १, ३, ५ पट सूर) येतात, क्लॅरिनेटसारखा पोकळ आवाज. फीडबॅक मॉड्युलेटरवर दिला तर आवाज धारदार होतो पण पोकळपणा टिकतो, कारण मॉड्युलेटरमध्ये २, ४, ६ असेच हार्मोनिक वाढतात. तोच फीडबॅक कॅरियरवर दिला की सम हार्मोनिक घुसतात आणि पोकळपणा गेलाच. "प्रीसेटसारखा आवाज येत नाही" या मेलचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आणि दोन्ही नॉब एकदम वर नेऊ नका हो. एकट्या ऑपरेटरवर फेज फीडबॅक वाढवत नेला की साइन हळूहळू सॉटूथकडे (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीकडे) जाते, नॉबवर १ लिहिलंय तिथपर्यंत स्वच्छ, पुढे खरखर सुरू आणि शेवटी निव्वळ नॉइज. आता असा सॉटूथ झालेला मॉड्युलेटर मोठ्या इंडेक्सने (मॉड्युलेशनच्या जोराने) कॅरियरवर सोडला तर त्याचा एकेक हार्मोनिक स्वतःचे साइडबँड (बाजूचे जादा सूर) घेऊन येतो, आणि वरच्या पट्ट्यांवर ते सगळं सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे जेवढे ठिपके, म्हणजे सॅम्पल, त्याच्या) अर्ध्याला आपटून उलटं खाली परततं. मी स्वतः आधी फीडबॅक शून्य ठेवून इंडेक्स लावतो, मग इंडेक्स निम्मा करतो आणि उरलेली धार फीडबॅकने भरतो. १.४१ सारखा आडनिडा रेशो असेल तर फीडबॅक अजूनच जपून.

१ च्या पुढच्या खरखरीबद्दल अजून एक. फीडबॅक म्हणजे ऑपरेटर स्वतःचा मागचा सॅम्पल वाचतो. हा उशीर ४४,१०० सॅम्पल रेटला साधारण २३ मायक्रोसेकंद आणि ९६,००० ला १०, म्हणून ती खरखर दोन्हीकडे वेगळी ऐकू येते. प्रोजेक्ट ४४,१०० ला बनवला आणि रेंडर ९६,००० ला केला तर "रेंडरमध्ये आवाज बदलला" म्हणू नका, दोन्ही एकाच रेटला ठेवा. आम्ही मागचे दोन सॅम्पल घेऊन त्यांची सरासरी वापरतो, जुन्या चिप्समध्येही हीच युक्ती होती. धार किंचित कमी होते हे मान्य, पण नाहीतर वर जी कर्कश शिट्टी बसते ती कुणालाच नको असते.

इतकं करूनही बेसूर वाजलं तर जरूर लिहा, पॅच तपासून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त स्क्रीनशॉट नको, त्यात फीडबॅकचा स्विच नेमका कापलेला असतो. पॅचची फाइल पाठवा, सॅम्पल रेट लिहा, आणि कुठली पट्टी दाबल्यावर ट्युनर काय दाखवतो ते किमान दोन सप्तकांसाठी लिहा. दोन आकडे हातात असले की डेप्थ किती ठेवलीये ते मी फाइल न उघडताच सांगतो.