मध्यम लहरी रेडिओसाठी बाह्य एरियल

रेडिओच्या आत बसवलेल्या एरियलच्या जोडीला घराबाहेर ताणलेली तार किंवा चौकटीवर गुंडाळलेले वेटोळे वापरून मध्यम लहरींवरची (मिडियम वेव्ह) केंद्रे स्वच्छ ऐकण्याची पद्धत. शास्त्रीय मराठीत एरियलला ‘आकाशक’ म्हणतात. घरात आणि रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ‘एरियल’ हाच शब्द चालतो. भारतात या पट्ट्यातली केंद्रे ५३१ किलोहर्ट्झपासून पुढे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. मुंबई ५५८, नागपूर ५८५, पुणे ७९२, सांगली १२५१, पणजी १२८७ हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना वर्षानुवर्षे पाठ असलेले आकडे. त्या प्रत्येकाला ९ ने भाग जातो.

५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३८ मीटर लांब असते. इतक्या लांब लहरीसाठी ट्रान्झिस्टरमध्ये बोटभर जाडीची फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकीय पदार्थाची) कांडी आणि तिच्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ही कांडी लहरीचा चुंबकीय भाग पकडते. तिची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरून येतो, टोक केंद्राकडे गेले की मरतो. स्वयंपाकघरातला रेडिओ थोडा तिरका ठेवला की नीट लागतो, त्याचे कारण हेच. एफएमसाठी असलेली ओढून वर काढायची दांडी बहुतेक संचांत मध्यम लहरींसाठी जोडलेलीच नसते, त्यामुळे ती लांब करून काही साधत नाही.

मध्यम लहरींवर केंद्र क्षीण असणे ही अडचण दुय्यम आहे; खरी अडचण घरातल्या खरखरीची. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर हे सगळे याच पट्ट्यात गोंगाट सोडतात आणि घरातले वायरिंग तो खोल्याखोल्यांत पसरवते. शिवाय आरसीसी इमारतीतल्या लोखंडी सळ्या बाहेरून येणारी लहर अडवतात. आवाज वाढवला की खरखरही तेवढीच वाढते. वीज गेली की तेच केंद्र लख्ख ऐकू येते, हा भारनियमन सोसलेल्या गावांचा अनुभव आहे. म्हणून एरियल बांधण्याआधी रेडिओ सेलवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा आणि मग तो परत लावून एकेक उपकरण चालू करत खरखर कुठून येते ते शोधावे. बाह्य एरियलचा मोठा फायदा ती या गोंगाटापासून दूर नेता येते हा आहे. नुसती लांबी वाढवणे हा नव्हे.

जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना पाठीमागे एरियल आणि अर्थ (जमिनीशी जोडणी) अशी दोन भोके असत. त्या काळी तांब्याच्या तारेची विणलेली जाळीची पट्टी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली दिसे. आज तशी जाळी घरात टांगली तर ती घरातला गोंगाटच गोळा करते. तार बाहेर काढणे केव्हाही चांगले. मोकळी जागा असेल तर १५ ते ३० मीटर तांब्याची तार आढ्यापासून झाडापर्यंत किंवा खांबापर्यंत, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर घालून ताणावी. झाड वाऱ्याने हलते, म्हणून त्या बाजूला थोडा झोल ठेवावा. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून ती नेऊ नये. तार तुटून त्यांच्यावर पडली तर जीव जाऊ शकतो.

तारेइतकेच महत्त्व अर्थला आहे. ओलसर जमिनीत ठोकलेली तांब्याची सळई किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप चालतो. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून पाणी घालावे. भिंतीतल्या प्लगची अर्थ वापरू नये, कारण तीच घरभरचा गोंगाट वाहून आणते. रेडिओला एरियलचे भोक नसेल तर बाहेरून आलेल्या इन्सुलेशनच्या तारेचे पाच-सहा वेढे रेडिओभोवती, आतल्या कांडीवरच्या वेढ्यांना समांतर घालून दुसरे टोक अर्थला जोडावे. रेडिओ उघडावा लागत नाही. वळवाच्या दिवसांत, ढग दाटायच्या आतच, तार रेडिओपासून सोडवून घराबाहेरच अर्थला जोडून ठेवावी. वीज थेट पडली तर याने संरक्षण होत नाही, आणि गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी चौकटीची एरियल सर्वांत गुणाची. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट करून तिच्यावर सुमारे ६ मिलिमीटर अंतर ठेवत १३-१४ वेढे घालतात. साधारण ३५ मीटर तार लागते. दोन टोकांमध्ये जुन्या रेडिओतला ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (केंद्र लावताना फिरतो तो भाग) जोडला की जवळपास सगळा पट्टा हाती येतो. गँग ५०० पिकोफॅरडचा असेल तर दोन वेढे कमी घालावेत. ट्रान्झिस्टर चौकटीजवळ असा ठेवायचा, की आतली कांडी चौकटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येईल. एकही तार जोडावी लागत नाही. रेडिओवर केंद्र लावून गँग हळूहळू फिरवला, की एका ठिकाणी आवाज एकदम उसळतो. तेच अनुस्पंदन (रेझोनन्स), म्हणजे चौकट त्या केंद्राशी जुळणे.

चौकटीची कड केंद्राकडे असताना ग्रहण सर्वाधिक, आणि सपाट बाजू केंद्राकडे वळली की जवळजवळ शून्य. हे शून्य मोठ्या कामाचे आहे. शेजारच्या इन्व्हर्टरकडे सपाट बाजू वळवून त्याची खरखर दाबता येते, मग केंद्र पूर्ण जोरात नसले तरी शब्द कळतात. रात्री एकाच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) दोन केंद्रे एकमेकांवर चढतात, तेव्हाही असेच एकाला बाजूला सारता येते.

दिवसा वातावरणात खूप उंचावर असलेला ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो, म्हणून फक्त जमिनीलगत येणारी लहर पोचते. समुद्रावरून ती जमिनीपेक्षा कितीतरी दूर जाते. कोकण किनाऱ्याला याचा लाभ होतो. सूर्यास्तानंतर तो थर विरळ होतो, आकाशातून परावर्तित लहरी येऊ लागतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे लागतात. त्यांचा आवाज भरतो-ओसरतो. एरियल मोठी केल्याने हे चढउतार थांबत नाहीत.

प्रक्षेपकाजवळच्या वस्तीत लांब तार उलट त्रास देते. लहान संचात जवळचे जोरदार केंद्र डायलभर ऐकू येऊ लागते. तिथे तार आखूड करावी किंवा चौकटच वापरावी.