पीएस2 च्या हार्डडिस्कवर गेम चढत का नाही? जुन्या एररची पार्श्वभूमी

सोलापुरात जुना जाड पीएस2, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 2 हा गेम खेळायचा कन्सोल, दुरुस्तीला आला की तक्रार बहुधा ठरलेली असते, ‘डिस्क घेत नाही’. मशीन वीस वर्षांचं, लेन्स थकलेली. त्यात घर लूमच्या वस्तीत असेल तर कापसाचा बारीक तंतू मशीनमध्ये थेट लेन्सपर्यंत पोचलेला असतो. नवी लेन्स मिळाली तरी टिकेलच असं नाही. म्हणून आपल्याकडच्या डिस्कची इमेज (फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत) काढून गेम हार्डडिस्कवर चढवायचे, हाच आता मशीन चालतं ठेवायचा खात्रीचा मार्ग आहे.

पण तिथे सॉफ्टवेअर अडतं. कधी ड्राइव्ह दिसत नाही, कधी गेम यादीत येतो पण स्क्रीन काळीच राहते, कधी काल चढवलेले सगळे गेम आज गायब. हे एरर वरवर लहरी वाटतात. मागचा इतिहास माहीत असला की त्यातल्या बहुतेकांचं मूळ कन्सोलच्या पहिल्या चार-पाच वर्षांत सापडतं.

पीएस2 जपानमध्ये मार्च 2000 मध्ये आला. पुढच्या मॉडेलना मागे एक मोठा कप्पा होता. त्यात नेटवर्क अॅडॅप्टर बसायचा आणि त्याच अॅडॅप्टरवर हार्डडिस्क जोडायचा 40 पिनांचा आयडीई कनेक्टर होता. 2002 मध्ये पीएस2 वर लिनक्स चालवायच्या सोनीच्या किटसोबत 40 जीबीची ड्राइव्ह आली आणि मार्च 2004 मध्ये अमेरिकेत ‘फायनल फँटसी 11’ या गेमसोबत 40 जीबीचीच ड्राइव्ह विकायला आली. आपल्याकडच्या दुकानांत या ड्राइव्ह दिसल्याच नाहीत. 2004 च्या शेवटी बारीक मॉडेल आलं आणि तो कप्पाच गेला. म्हणून गिऱ्हाईक बारीक पीएस2 घेऊन ‘हार्डडिस्क टाकून द्या’ म्हणतं तेव्हा आधी मॉडेल नंबर बघावा लागतो. एससीपीएच 30000 किंवा 50000 च्या मालिकेतलं मशीन असेल तर काम सोपं.

सोनीने या ड्राइव्हचे भाग (पार्टिशन) पाडायची स्वतःची पद्धत आणली. तिचं नाव एपीए. विंडोजला ती अजिबात कळत नाही आणि बहुतेक घोळ इथूनच होतो. एपीएमध्ये सर्वात लहान भाग 128 एमबीचा, पुढचे दुपटीने वाढत जाणारे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 1024 बाइटचा हेडर, म्हणजे माहितीची नोंद, असतो. त्यात मागचा भाग कुठे, पुढचा कुठे, हे लिहिलेलं असतं आणि नोंद जुळते का हे तपासायला अगदी सुरुवातीला एक चेकसम (पडताळणीची बेरीज) असते. मागावर नक्षी ठरवणारी जकार्डची कार्डं एकमेकांना शिवून माळ करतात, तशीच ही रचना. मधलं एक कार्ड फाटलं की पुढची वेलबुट्टी गेली. एक हेडर बिघडला की त्यापुढचे गेम ड्राइव्हवर असूनही दिसत नाहीत.

हा हेडर सर्वात जास्त वेळा आपल्याच हाताने बिघडतो. पीएस2 ची ड्राइव्ह पीसीला लावून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की विंडोज विचारतं, डिस्क इनिशियलाइज करायची का? माणूस सवयीने ‘ओके’ दाबतो. त्या क्षणी ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे ड्राइव्हवरचा लहानसा तुकडा) विंडोजची नोंद लिहिली जाते, म्हणजे एपीएचा पहिला हेडर गेला. आमच्याकडे येणाऱ्या ‘सगळे गेम उडाले’ केसमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारतो. ती खिडकी आली की कॅन्सल करायची, दुसरं काही करायचं नाही.

दुसरा वारसा आकड्यांचा. ड्राइव्ह चालवणारा सोनीचा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, 28 बिटांत सेक्टर मोजायचा. 512 बाइटच्या सेक्टरने हिशोब केला की मर्यादा येते 137 जीबी. 40 जीबीच्या काळात ती कुणाला टोचली नाही. पुढे हौशी प्रोग्रामरनी 48 बिटांचे ड्रायव्हर लिहिले आणि मोठ्या ड्राइव्ह चालू लागल्या. तरी एपीएच्या हेडरमधले आकडे 32 बिटांचेच, म्हणून 2 टीबीच्या वर जाता येत नाही. आज 500 जीबीची ड्राइव्ह लावून कुणी विनहिप नावाचं जुनं विंडोज टूल वापरत असेल तर मी थांबवतो. मोठ्या ड्राइव्हवर ते हेडरांची साखळी बिघडवतं, हा अनुभव जगभरच्या लोकांचा आहे. त्याऐवजी एचडीएल डंप हे गेम चढवायचं टूल किंवा त्यावर बेतलेलं एखादं खिडकीवालं टूल घ्यावं, आणि ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं. तसं न केल्यास विंडोज थेट डिस्कला हात लावू देत नाही आणि ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा दिशाभूल करणारा निकाल येतो.

हार्डडिस्कवरून गेम खेळायची सोय आली ती 2003-04 च्या सुमारास, एचडीलोडर नावाच्या डिस्कमुळे. त्याने गेमसाठी ठरवलेली मांडणी आजही तीच आहे. सोनीच्या पीएफएस फाइल सिस्टीममध्ये न जाता इमेज सरळ भागात ओतायची आणि भागाच्या नावाला ‘पीपी.एचडीएल’ लावायचं. 2008 मध्ये फ्री मॅकबूट आला आणि मेमरी कार्डावरूनच हौशी सॉफ्टवेअर सुरू करता येऊ लागलं. 2009 च्या सुमारास ओपन पीएस2 लोडर (ओपीएल) आला आणि एचडीलोडरची गरज उरली नाही. ओपीएलने मांडणी मात्र जुनीच ठेवली, म्हणून त्या काळी चढवलेले गेम आजही उघडतात. हे मला फार मोलाचं वाटतं. उघड्या कोडवर काम करणाऱ्या अनोळखी माणसांनी एक बंद पडलेली मांडणी जिवंत ठेवली आहे.

काळ्या स्क्रीनमागे मात्र दोन वेगळी कारणं असतात. पीएस2 चे सुरुवातीचे बरेच गेम डीव्हीडीवर नव्हते, निळ्या बुडाच्या सीडीवर होते. एचडीएल डंपमध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगळ्या आज्ञा आहेत. सीडीचा गेम डीव्हीडी म्हणून चढवला तर यादीत नाव दिसतं आणि पुढे काही होत नाही. दुसरं कारण वेगाचं. काही गेम डीव्हीडीच्या वेगाचा अंदाज धरून लिहिलेले. हार्डडिस्क त्यापेक्षा लवकर माहिती देते आणि गेम गडबडतो. ओपीएलमधला मोड 1 वाचन मुद्दाम मूळ वेगाच्या जवळ आणतो, मोड 2 आणि 3 वेगळ्या अडचणींसाठी आहेत. गेम पुन्हा चढवत बसण्याआधी हे मोड एकेक करून बघावेत.

हार्डवेअरची एक बाजू राहिली. आयडीई ड्राइव्ह आता जुन्या मालातच मिळतात, म्हणून लोक मूळ अॅडॅप्टरमध्ये साटाचा (आयडीईनंतरची नवी जोडणी) सर्किट बोर्ड बसवतात किंवा स्वस्त तयार साटा अॅडॅप्टर घेतात. तयार अॅडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा लॅनचं पोर्ट नसतं. त्यामुळे नेटवर्कवरून गेम चढवायचे असतील तर मूळ अॅडॅप्टर जपून ठेवलेला बरा, आणि नुसता कप्पा रिकामा असलेलं मशीन विकत घेताना भाव त्याप्रमाणे करावा.