गरम शाफ्टचं माप

लेथवरून (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावरून) उतरलेला गरम जॉब, म्हणजे घडवला जाणारा भाग, लगेच मापायचा नाही. आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड घेतलेल्या मुलामुलींच्या कानावर हे वाक्य सतत पडतं. दहावीनंतरच्या या दोन वर्षांच्या शिक्षणात भौतिकशास्त्र किती मुरलेलं आहे, हे या एका सूचनेतून कळतं.

समजा, ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट (गोल दांडा) करायचा आहे आणि ड्रॉइंगवर ‘जी-६’ टॉलरन्स, म्हणजे मापातल्या फरकाची मुभा, दिलाय. म्हणजे व्यास ४९.९७५ ते ४९.९९१ मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. मोकळीक अवघी १६ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता पोलादाचा स्वभाव बघा. तापमान एक अंशाने वाढलं की मीटरभर पोलाद सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. वर्कशॉप ३० अंशांवर आणि टर्निंग करून (लेथवर कापून) तापलेला शाफ्ट ६० अंशांवर असेल, तर त्याचा व्यास सुमारे १८ मायक्रॉनने फुगलेला असतो. मायक्रोमीटर हे बारीक माप घेण्याचं उपकरण ४९.९८५ दाखवतं, सगळं ठीक वाटतं. जेवणाच्या सुट्टीत शाफ्ट निवतो आणि माप ४९.९६७ वर येतं. जॉब रिजेक्ट! जाड राहिला असता तर आणखी एक कट घेता आला असता. बारीक झालेल्या शाफ्टला इलाज नाही.

मग खरं माप कुठल्या तापमानाचं धरायचं? १९३१ मध्ये लांबीच्या औद्योगिक मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि आजही तेच चालतं. साकीनाक्याच्या किंवा भांडुपच्या पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात २० अंश कुठून आणणार? तरीही तिथे चांगलं काम होतं, कारण पोलादी जॉब पोलादी स्लिप गेजशी, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्याशी, ताडला की दोन्ही जवळजवळ सारखेच फुगतात आणि चूक आपोआप वजा होते. अट एवढीच, की दोन्ही एकाच टेबलावर पुरेसा वेळ राहून एका तापमानाला आलेले हवेत. अॅल्युमिनियम मात्र पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियम जॉब ३२ अंशांवर पोलादी गेजशी ताडला, तर सुमारे १३ मायक्रॉनचा फरक उरतो. तो हिशेब करूनच वजा करावा लागतो.

मुंबईची हवा आणखी एक काम वाढवते. पावसाळ्यातल्या दमटपणात घामेजलेल्या बोटाचा ठसा स्लिप गेजवर राहिला, तर त्यातल्या क्षारामुळे तिथेच गंज धरतो. म्हणून वापर झाला की गेज पुसायचे आणि तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवायचे.

फिटर ट्रेडची मुलं सुरुवातीला दिवसचे दिवस फायलिंग करतात, म्हणजे कानशीने धातू घासतात, आणि कंटाळतात. सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या, जमान्यात हे कशाला, असं पालकही विचारतात. मला ते अत्यंत गरजेचं वाटतं. किती दाब दिला की किती धातू जातो, हे हाताला तिथेच उमगतं. मायक्रोमीटर पकडतानाही तोच हात लागतो. जास्त आवळला तर माप कमी येतं. म्हणून तर त्याला रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर नुसतीच फिरणारी मूठ, असते.

सीएनसीवरही माप माणूसच घेतो. टूलची धार झिजत जाते तसे शाफ्ट किंचित जाड निघू लागतात. ऑपरेटर मापून तेवढा ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, मशीनमध्ये भरतो. ते माप गरम शाफ्टवर घेतलेलं असेल, तर १८ मायक्रॉनची तीच चूक पुढच्या प्रत्येक शाफ्टमध्ये उतरते.