ठिणगी दोन अंश आधी

स्पोर्ट्स कार तीच, इंजिन तेच, एकही नट सैल केलेला नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल लावली, लॅपटॉपवर एक पट्टी हळूहळू भरत गेली आणि 300 हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारं, 350 देऊ लागलं. याला रिमॅप म्हणतात. ऐकणाऱ्याला साहजिकच वाटतं, की एवढी ताकद आत होती तर कंपनीने ती कुलपात का ठेवली?

आधी मॅप म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, आकड्यांची कोष्टकं भरलेली असतात. एका बाजूला मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूला भार, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा भरली आहे ते. दोन्ही जिथे भेटतात त्या चौकटीत एक आकडा. समजा फेरे 4000, भार पूर्ण आणि चौकटीत 14. याचा अर्थ, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या 14 अंश आधी ठिणगी टाक. हे अंश क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, फिरण्याचे. फेरे 4100 झाले तर संगणक शेजारच्या चौकटी बघून मधला आकडा काढतो. असं कोष्टक पडद्यावर त्रिमितीत काढलं की डोंगरदऱ्या दिसतात, म्हणून मॅप हे नाव अगदीच चुकीचं नाही. आजच्या गाडीत अशी शेकडो कोष्टकं असतात. रिमॅप करणारा त्यातली काही टेकाडं उंच करतो, बस.

पण ठिणगी आधी का टाकायची? कारण पेट्रोल एका क्षणात भडकत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला एक-दोन मिलिसेकंद घेते. हे फार वाटत नाही, पण 6000 फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात 36 अंश फिरतो. पिस्टन वर पोहोचल्यावर ठिणगी टाकली तर ज्योत पसरेपर्यंत तो बराच खाली निघून गेलेला असतो. झोपाळा ढकलण्यासारखंच हे: झोका अजून आपल्याकडे येत असताना ढकलला तर हात मुरगळतो, उशीर केला तर हात हवेतच राहतो. दाबाचा कळस पिस्टन वरून परत फिरल्यावर साधारण 12 ते 15 अंशांवर यावा, म्हणजे धक्का सगळ्यात जास्त कामी येतो.

टर्बो इंजिनात पूर्ण भार असताना ठिणगी मुद्दाम या आदर्श जागेपेक्षा उशिरा ठेवलेली असते. कारण नॉकिंग. ज्योत एका बाजूने येत असताना समोरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबून दाबून इतकं तापतं, की ज्योतीची वाट न बघता आपणहून पेटतं. मग दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आवाजाचं काही नाही. खरं नुकसान उष्णतेचं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि जळणारा वायू 2000 अंशांच्या वर असतो. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याला तेल आणि भिंती थंड ठेवतात, शिवाय त्याच्या माथ्यालगत वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटून असतो. नॉकिंगच्या लाटा तो थर खरवडून काढतात.

आता कुलपाकडे येऊ. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात कुठलं पेट्रोल पडणार, कडक उन्हात चढावर ती किती वेळ रेमटवली जाणार, मालक ऑइल वेळेवर बदलणार का, हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय गिअरबॉक्स, क्लच आणि धुराचे नियम आहेतच. त्यामुळे इंजिनियर राखून खेळतात. कधी कधी मात्र कुलूप निव्वळ दुकानदारीचं असतं: जवळपास तेच इंजिन दोन मॉडेलांत, दोन ताकदींत, दोन किमतींत.

ठिणगी थोडी आधी टाकून थोडंच मिळतं. खरी वाढ येते हवेतून. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 1 बार. टर्बो त्यावर 0.8 बार चढवत असेल तर एकूण 1.8. तो 1.1 वर नेला की एकूण 2.1, म्हणजे तापमान तेच राहिलं तर सहावा हिस्सा जास्त हवा. 300 चे 350 होतात ते मुख्यतः इथे. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. पूर्ण जळायला 1 किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा पुरते, पण पूर्ण ताकदीला मिश्रण 12.5 च्या आसपास, म्हणजे पेट्रोल जरा जास्तच ठेवलेलं बरं. जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढवायची सोयच नाही, म्हणून तिथे रिमॅपने हाती लागतात ते मोजके टक्के. तिथे मोठे आकडे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकाच डिजिटल संगणकाच्या हाती आले 1979 साली, बीएमडब्ल्यू 732आय मधल्या बॉशच्या मोट्रॉनिकमुळे. त्यानंतरच्या गाड्यांत कोष्टकं एका सुट्या चिपमध्ये असायची. ती उपटायची आणि नवे आकडे भरलेली बसवायची. आता चिपला कुणी हातही लावत नाही, तरी लोक अजून ‘चिप टाकली’ असंच म्हणतात. काम मात्र अवघड झालंय. नव्या ईसीयूला ॲक्सिलरेटरचं पेडल म्हणजे टॉर्कची, फिरवण्याच्या जोराची, मागणी वाटते, आणि मागितल्यापेक्षा जास्त टॉर्क दिसला की तो बिघाड समजून ताकद कापतो. एक आकडा वाढवायचा तर त्यावर पहारा देणारे चार आकडेही हलवावे लागतात.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरांवर, गाडी चढवल्यावर मालक बघतो ताकदीची वर जाणारी रेघ. जाणकार ट्यूनर, म्हणजे रिमॅप करणारा, बघतो लॉगमधला कंटाळवाणा रकाना: नॉक सेन्सरचं ऐकून ईसीयूने प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश उशिरा ढकलली. समजा पहिल्या फेरीत चारही सिलिंडरना शून्य. तिसऱ्या फेरीपर्यंत आत येणारी हवा तापली आणि तिसऱ्या सिलिंडरसमोर उणे 3.5 आलं. इंजिन अजून मजेत फिरतंय, रेघही छान दिसतेय. तो लॅपटॉप उघडतो, त्या टेकाडावरच्या आठ-दहा चौकटी निवडतो आणि ठिणगी दोन अंश उशिरा नेतो. पुढच्या फेरीत ग्राफ पाच हॉर्सपॉवरने खाली येतो, आणि मालक विचारतो, आधीचंच ठेवता येणार नाही का?