आंतरराष्ट्रीय डेटा नेटवर्कचं मायग्रेशन

एखाद्या संस्थेची वेगवेगळ्या देशांतली ऑफिसं, डेटा सेंटरं, केंद्रं एकमेकांना जोडणारं खासगी नेटवर्क एका टेलिकॉम कंपनीकडून काढून दुसरीकडे नेणं, तेही चालू काम न थांबवता, याला नेटवर्क मायग्रेशन म्हणतात. त्यातली प्रत्यक्ष लाइन फिरवायची पायरी म्हणजे कटओव्हर. मोबाइल नंबर पोर्ट करताना एसएमएस टाकून कोड घेतला आणि नवं सिम घेतलं की झालं, तसं इथे काहीच नसतं. पंचवीस-तीस देश असले तर टेंडर काढण्यापासून जुनी शेवटची लाइन बंद होईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि राउटर बसवून कॉन्फिगर करायचा वेळ त्यात अगदी थोडा असतो. खरा वेळ खातात त्या दोन गोष्टी, आपल्याकडे नक्की काय काय चालू आहे ते शोधून काढणं आणि जुनं-नवं दोन्ही नेटवर्क एकाच वेळी सांभाळणं.

का बदलतात

साधं कारण म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपतं, दर उतरलेले असतात आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला परत टेंडर काढावंच लागतं. दुसरं, तंत्रज्ञानच बाद होतं. डेटा वाहण्याच्या जुन्या पद्धतींपैकी एक्स.२५ गेलं, फ्रेम रिले गेलं, आयएसडीएन बऱ्याच देशांत बंद झालं, मग त्यावर बसलेल्यांना हलावंच लागतं. तिसरं कारण कुणाच्याच हातात नसतं, प्रोव्हायडर बुडतो किंवा विकला जातो. बँकांचे आंतरराष्ट्रीय निरोप वाहणाऱ्या स्विफ्ट या संस्थेने २००१ मध्ये आपल्या नेटवर्कचं काम ग्लोबल क्रॉसिंगकडे दिलं आणि जानेवारी २००२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नेमकं त्याच काळात स्विफ्ट जुन्या एक्स.२५ वरून आयपीवर (इंटरनेट ज्या पद्धतीने चालतं ती) जायच्या तयारीत होती. पुढे स्विफ्टने एकाच कंपनीवर न विसंबता अनेक नेटवर्क कंपन्या ठेवायची पद्धत घेतली, ज्यामुळे बँकेला आपला नेटवर्कवाला निवडता येतो आणि एक पडला तर दुसरा असतो. माझ्या मते हा निर्णय प्रत्येक मोठ्या नेटवर्कवाल्याने अभ्यासावा असा आहे.

हवामानखात्यांचं नेटवर्क

या विषयाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आरएमडीसीएन, युरोप आणि आसपासच्या देशांची हवामानखाती एकमेकांना जोडणारं नेटवर्क. ते चालवण्याची जबाबदारी ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपियन हवामान-अंदाज केंद्राकडे आहे (इंग्लंडमधल्या रेडिंगचं, २०२२ पासून यांचे सुपरकॉम्प्युटर इटलीतल्या बोलोन्याहून चालतात). जागतिक हवामान संघटनेची जीटीएस नावाची जी दूरसंचार व्यवस्था आहे तिचा हा एक भाग, आणि त्याच जीटीएसचं एक प्रादेशिक केंद्र नवी दिल्लीला आपल्या हवामान खात्याकडे आहे. म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेची नोंद (स्टेशन नंबर ४३०५७) किंवा सांताक्रूझची (४३००३) जगभरच्या केंद्रांना मिळते ती याच जाळ्यातून. आपण बातम्यांमध्ये ऐकतो ना, 'सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत इतके मिलिमीटर पाऊस', ते साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे तीन, जगभर ठरलेल्या निरीक्षणाच्या वेळांपैकी एक.

आरएमडीसीएन २००० साली इक्वांट कंपनीच्या फ्रेम रिलेवर सुरू झालं. फ्रेम रिलेत ज्या दोन केंद्रांना बोलायचंय त्यांच्यामध्ये वेगळं सर्किट विकत घ्यायचं, त्यामुळे चाळीस केंद्रांनी प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलायचं म्हटलं तर ७८० सर्किटं, एवढे पैसे कोण देणार, म्हणून मोजकीच जोडणी घ्यायची आणि बाकीचा डेटा मधल्या केंद्रातून पुढे ढकलायचा. २००७ मध्ये हे सगळं एमपीएलएस या नव्या पद्धतीवर आलं. कंपनी तीच, तोपर्यंत नाव मात्र ऑरेंज बिझनेस सर्व्हिसेस झालेलं. एमपीएलएसमध्ये प्रत्येक केंद्राने कंपनीच्या सामायिक जाळ्याला एक लाइन जोडली की कुणालाही कुणाशीही थेट बोलता येतं. मग टेंडर निघून २०१३-१४ मध्ये सगळं नेटवर्क इंटरूट या दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि हे खरं प्रोव्हायडर-बदलाचं मायग्रेशन. २०१८ मध्ये इंटरूटला जीटीटीने विकत घेतलं आणि २०२१ मध्ये जीटीटी स्वतःच कर्जाच्या पुनर्रचनेसाठी कोर्टात गेली. ग्राहकाने काहीही न करता वरचा मालक बदलतो, म्हणून नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मालकी बदलली तर काय आणि बाहेर पडताना जुना प्रोव्हायडर किती महिने मदत करणार, ही कलमं दरांइतकीच घासून बघावी लागतात.

हवामानाच्या नेटवर्कची एक खास अडचण आहे. बँकेला शनिवार-रविवार मिळतो, इथे सुट्टीच नाही. ग्रिनिचच्या ०, ६, १२ आणि १८ वाजता मुख्य निरीक्षणं येतात, मधल्या तीन-तीन तासांनी आणखी, शिवाय अंदाजाची मॉडेलं ठरलेल्या मिनिटाला डेटा उचलतात आणि उशिरा आलेलं निरीक्षण मॉडेलच्या त्या वेळच्या गणितात धरलंच जात नाही. त्यामुळे कटओव्हर करायचा तो दोन निरीक्षणांच्या मधल्या फटीत, आणि चक्रीवादळ किंवा मोठं वादळ चालू असेल तर तारीख पुढे ढकलायची.

आधी यादी

काय हलवायचंय याची यादी कुणाकडेच धड नसते. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेली लाइन, जिचं बिल जातं पण तिच्यावर काय चालतं माहीत नाही, किंवा उलट, कागदावर बंद झालेल्या सर्किटवर एखाद्या देशाचा महत्त्वाचा डेटा अजून वाहतोय. अमेरिकन सरकारने आपल्या खात्यांच्या टेलिकॉम सेवा एफटीएस-२००१ या कंत्राटातून नेटवर्क्स नावाच्या पुढच्या कंत्राटात नेल्या तेव्हा ठरल्यापेक्षा ३३ महिने जास्त लागले. त्यांच्याच हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की मायग्रेशनचा खर्च ६ कोटी ६४ लाख डॉलरने वाढला आणि जी बचत व्हायची होती त्यातली सुमारे ३२ कोटी ९० लाख डॉलर हातातून गेली. कारणं दिली ती किचकट खरेदी-प्रक्रिया आणि खात्यांचं कच्चं नियोजन अशी. त्याच्या पुढच्या मायग्रेशनच्या वेळी, २०२० मध्ये, परत पाच खाती तपासली तर एकानेही तयारीची सगळी पथ्यं पुरी पाळली नव्हती, आणि त्या पथ्यांत पहिलं होतं नीट यादी करणं. हे वाचून वाईट वाटतं, कारण हे काम कुणालाही करता येतं, फक्त कुणी नेमून दिलेलं नसतं.

लास्ट माइल

प्रोव्हायडरच्या नकाशावर सगळं जग जोडलेलं दिसतं, पण तुमच्या बिल्डिंगपर्यंतचा शेवटचा तुकडा बहुतेक देशांत स्थानिक कंपनीकडूनच भाड्याने घ्यावा लागतो आणि पूर्ण प्रोजेक्टची तारीख तो तुकडा ठरवतो. भारतात तर परदेशी कंपनीला स्वतःचं लायसन्स नसेल तर इथल्या लायसन्सवाल्या कंपनीशी हातमिळवणी करून दोन नेटवर्कांमध्ये सांधा बांधावा लागतो. त्या सांध्यावर फॉल्ट आला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून जबाबदारी कुणाची हे आधीच लिहून घेतलेलं बरं. त्यात मुंबईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात रस्ता खोदायला महापालिका तातडीचं काम सोडून परवानगी देत नाही. फायबर मे अखेरपर्यंत पडला नाही तर तो थेट दसरा-दिवाळीकडे. युरोपात बसून प्लॅन करणाऱ्याला हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि हिंजवडी-ऐरोलीत बसून परदेशी ग्राहकांची नेटवर्कं सांभाळणारी आपली पोरं ते सांगतातही.

दोन नेटवर्क एकत्र

सगळी केंद्रं एका रात्रीत कधीच हलत नाहीत. अर्धी जुन्यावर, अर्धी नव्यावर, आणि त्यांनी आपसात बोलत राहिलं पाहिजे, म्हणून एक-दोन मोठ्या केंद्रांना दोन्ही नेटवर्कांच्या लाइन देऊन तिथे सांधणारे राउटर ठेवतात. यातली जोखीम रूटिंगची, म्हणजे डेटा कुठल्या रस्त्याने जायचा ते ठरवण्याची. सांधा दोन ठिकाणी असेल तर जुन्या नेटवर्कमधून शिकलेला रस्ता नव्यात जातो आणि दुसऱ्या सांध्यातून परत जुन्यात येतो, डेटा गोल फिरत बसतो, म्हणून बीजीपीमध्ये (नेटवर्कं एकमेकांना आपले रस्ते कळवतात ती पद्धत) प्रत्येक रस्त्यावर तो मूळ कुठला याचा टॅग लावून उलटा आलेला अडवावा लागतो. शिवाय जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या वाटेने असं झालं की मधली फायरवॉल, म्हणजे सुरक्षेसाठी ये-जा तपासणारी यंत्रणा, अर्धंच संभाषण बघते आणि कनेक्शन तोडते. अशा वेळी पिंग (समोरचा पोचतोय का एवढंच बघणारी छोटी चाचणी) एकदम छान चालतं आणि फाइल मात्र जात नाही.

आयपी पत्ते जुन्या प्रोव्हायडरने दिलेले असतील तर आणखी एक काम वाढतं. हवामानकेंद्रांत मेसेज स्विच, म्हणजे आलेले निरोप पुढच्या केंद्रांना वाटणारा कॉम्प्युटर, असतो, तो समोरच्या केंद्राचा आयपी पत्ता धरून बसलेला असतो, म्हणजे एका देशाने पत्ता बदलला की त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक देशाने त्याच दिवशी आपला स्विच आणि फायरवॉल बदलायला हवी, आणि ती बदलणारा माणूस वेगळ्या खात्यात, वेगळ्या टाइमझोनमध्ये, कधी रजेवर. म्हणून शहाण्या संस्था पत्ते स्वतःच्या नावावर घेऊन ठेवतात.

कटओव्हरची रात्र

नवी लाइन आधी काही दिवस रिकामी चालवून बघतात. बँडविड्थ, पॅकेट लॉस (वाटेत किती डेटा हरवतो), विलंब आणि मुद्दाम केबल काढून बॅकअप किती सेकंदांत उठतो ते. विलंबाचं गणित फार लोक करत नाहीत. मुंबई-लंडन जाऊन-येऊन साधारण १२० मिलिसेकंद धरा, आणि दोन्हीकडचं जुनं सॉफ्टवेअर ६४ केबीचीच टीसीपी विंडो (समोरून पोच येईपर्यंत एका वेळी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) वापरत असेल तर एका कनेक्शनवर सेकंदाला ४.४ मेगाबिटच्या आसपासच जाणार, मग लाइन १०० मेगाबिटची घ्या नाहीतर हजारची. मायग्रेशननंतर 'नवी लाइन स्लो आहे' अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या काही इथे असतात. नव्या कंपनीचा रस्ता लांबून गेला तर बँडविड्थ वाढूनही फाइल हळू जाते. तसंच जुन्याकडे ट्रॅफिकचे चार क्लास, म्हणजे कुणाला आधी जाऊ द्यायचं त्या रांगा, आणि नव्याकडे सहा असतील तर कुठला डेटा कुठल्या क्लासमध्ये बसतो हे आधी जुळवलं नाही तर महत्त्वाचा डेटा सगळ्यात खालच्या रांगेत उभा राहतो.

प्रत्यक्ष रात्री काम तसं छोटं. जुन्या लाइनवरून येणाऱ्या रस्त्यांची पसंती कमी करायची, ट्रॅफिक नव्यावर सरकलं का बघायचं, आणि मग अॅप्लिकेशनवाल्याने खरी फाइल पाठवून समोरच्याने 'आली' म्हणायचं. अमुक वाजेपर्यंत 'आली' ऐकू आलं नाही तर मागे फिरायचं, ही वेळ आधी कागदावर ठरलेली असावी, कारण पहाटे तीनला 'अजून पंधरा मिनिटं बघू' म्हणत म्हणत मागे फिरायची खिडकी निघून जाते. राउटरला आत शिरायला वेगळी वाट, साधा ४जी मोडेम का असेना, ठेवलाच पाहिजे.

केबल तीच तर नाही?

दोन प्रोव्हायडर घेतले म्हणजे दोन वेगळे रस्ते मिळाले असं नसतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या आणि भारतातून पश्चिमेकडे जाणारा डेटा एकदम मंदावला. मुंबईहून युरोपकडे जाणारे बहुतेक रस्ते तांबडा समुद्र आणि इजिप्त या त्याच चिंचोळ्या पट्टीतून जातात आणि मुंबईच्या किनाऱ्यावरही वर्सोव्यासारख्या मोजक्याच जागी वर येतात. म्हणून टेंडरमध्येच विचारायचं की मुख्य लाइन कुठल्या केबलने, बॅकअप कुठल्या, आणि उद्या तुम्ही रस्ता बदललात तर आम्हाला कळवणार का. ही माहिती प्रोव्हायडर आढेवेढे घेत देतो, पण सही व्हायच्या आधी देतो.

जुनं बंद करणं

नव्या नेटवर्कवर काही आठवडे नीट गेल्यावर जुन्या लाइन रद्द करायच्या. नोटिशीची मुदत कॉन्ट्रॅक्टप्रमाणे एक ते तीन महिने असते आणि ती प्रत्येक सर्किटच्या नंबरवर द्यावी लागते, नुसतं 'आमचं नेटवर्क बंद करा' लिहून चालत नाही. यादीत नसलेल्या सर्किटचं बिल पुढे वर्षानुवर्षं येत राहतं. जुना राउटर परत करताना त्यातलं कॉन्फिगरेशन आणि पासवर्ड पुसायचे, आणि प्रोव्हायडरकडून प्रत्येक सर्किट बंद झाल्याची तारीख लेखी घ्यायची, ती अकाउंट्सकडे पोचवायची.