उघडं असताना चालतं, झाकण लावलं की बंद

एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण टेबलावर खोललेलं असताना मस्त चालतं, चार स्क्रू मारून झाकण लावलं की गप्प, परत खोललं की परत चालू. रिपेअरिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच, आणि डोकं फिरतं कारण आपल्याला वाटतं सर्किट तर तेच आहे. पण ते तेच नसतं हो! झाकण लागलं की बोर्डावर दाब येतो, आजूबाजूला धातू येतो आणि आत गरम व्हायला लागतं.

म्हणून आधी घड्याळ बघा. लावल्या लावल्या बंद पडलं तर दाब किंवा शॉर्ट, दहा-पंधरा मिनिटांनी पडलं तर बहुतेक वेळा उष्णता. एवढ्यावरच अर्धं काम होतं.

माझ्या एका अ‍ॅम्प्लिफायरने दोन संध्याकाळी खाल्ल्या. शेवटी एक स्क्रू लावायचा, प्लग घालून बघायचं, प्लग काढून पुढचा स्क्रू, असं करत गेलो तर तिसऱ्या स्क्रूला गेला. खोलताना स्क्रू एकत्र झाले होते आणि ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा बसला होता, त्याचं टोक पलीकडे निघून बोर्डाच्या ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या बारीक पट्टीवर, घासत होतं. भिंगाखाली बघितलं तर हिरव्या कोटिंगवर बारीक गोल ओरखडा आणि आत तांबं चमकतंय. हे कोटिंग असतं साधारण २०-३० मायक्रॉनचं, म्हणजे केसापेक्षाही पातळ, त्याला फुटायला कितीसा वेळ! ट्रॅक सरळ चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) भिडला, म्हणजे ग्राउंड झाला, की प्रोटेक्शन रिले, म्हणजे गडबड झाली की स्पीकर तोडणारा स्विच, सोडायचा.

रिबन केबलचंही असंच, तिच्या पट्ट्या बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात, जराशी तिरकी बसली तरी उघडं असताना टेकून चालते आणि झाकणाने दाबली की सुटते. कनेक्टरचं लॉक दोन्ही बाजूंनी नीट बसलंय का ते बघाच. आणि स्क्रू एकेक करून आवळू नका, आधी सगळे सैल लावून मग समोरासमोरचे आवळा, नाहीतर बोर्ड वाकतो आणि सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जातो, मग परत खोललं तरी ते बरं होत नाही.

उष्णतेचं वेगळं. सिलिकॉन जंक्शनचं (ट्रान्झिस्टर, डायोडच्या आतल्या सांध्याचं) व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं, त्यामुळे बंद डब्यात तापलं की बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरची ठरवून दिलेली स्थिती, सरकतो, आणि सोल्डरमध्ये आधीच चीर असेल तर ती प्रसरणाने उघडते. झाकण न लावता हेअर ड्रायरने एकेक कोपरा जरा गरम करा, फॉल्ट तिथेच सापडतो.

फक्त हात घालण्याआधी प्लग काढा आणि मीटरने मोठा कपॅसिटर मोजा. २३० व्होल्टवरच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात.