फिलबर्नचा गहू आणि अमेरिकेची घटना

ओहायो राज्यात डेटन शहराजवळ रॉस्को फिलबर्न हा शेतकरी राहायचा. दुभती जनावरं, कोंबड्या आणि थोडा गहू, एवढाच त्याचा पसारा. गव्हाचा भाव टिकवण्यासाठी केंद्र सरकारने घातलेल्या मर्यादेनुसार 1941च्या पिकासाठी त्याला 11.1 एकरांत गहू लावायची परवानगी होती; त्याने 23 एकरांत पेरला. जादा रानातून 239 बुशेल (धान्याचं अमेरिकी माप) गहू निघाला, आणि त्यावर 117 डॉलर 11 सेंट दंड बसला. फिलबर्न कोर्टात गेला. जो गहू माझ्याच गोठ्यात, खुराड्यात आणि घरात खपणार, त्यावर वॉशिंग्टनचा हक्क कसा?

अमेरिकेत हा प्रश्न थेट घटनेच्या पायाला जाऊन भिडतो. भारतात केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्या आहेत आणि कुठेच न बसणारा विषय केंद्राकडे जातो. अमेरिकेत नेमकं उलट. 1791च्या दहाव्या दुरुस्तीनुसार, केंद्राला न दिलेले आणि राज्यांना मनाई नसलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. म्हणून केंद्राच्या प्रत्येक कायद्याला घटनेत बोट ठेवायला जागा लागते.

ही रचना अनुभवातून आली. राज्यांनी आपसात केलेल्या 1781च्या पहिल्या करारात केंद्राला कर लावताच येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. आयातीवर कर बसवायचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला, कारण दुरुस्तीला सगळ्या राज्यांची संमती लागायची. 1787 साली फिलाडेल्फियात नवी घटना लिहिताना केंद्राला बळ दिलं, पण मोजून. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागात ते अधिकार मांडले आहेत: कर, नाणी, टपाल, सैन्य वगैरे. त्यातच आहे राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन.

फिलबर्नचा गहू या व्यापाराच्या कलमातच अडकला. 1942 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचा युक्तिवाद असा: घरचा गहू वापरणारा बाजारातून तेवढा गहू घेत नाही. एकट्याचा परिणाम किरकोळ, पण असे असंख्य शेतकरी धरले तर देशभरातल्या भावावर फरक पडतो. अर्थशास्त्र म्हणून हे मला पटतं. पण मग व्यापारात न मोडणारं उरतं तरी काय, ही फिलबर्नच्या बाजूची भीतीही खरी आहे.

तरीही ते कलम ताणलं गेलं याचं मला समाधान वाटतं, ते अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या ‘ऑलीज बार्बेक्यू’ या उपाहारगृहाच्या खटल्यामुळे. तिथे कृष्णवर्णीयांना आत बसून जेवता येत नसे. घ्यायचं ते बाहेर घेऊन जायचं. 1964च्या नागरी हक्क कायद्याने ही बंदी मोडली. समानतेची चौदावी दुरुस्ती राज्यसंस्थेला बांधते, खासगी उपाहारगृहाला नाही, असा जुना निकाल आड येत होता. म्हणून आधार घेतला तो व्यापाराचा. या उपाहारगृहाने वर्षभरात घेतलेलं जवळजवळ 70,000 डॉलरचं मांस परराज्यातून आलेलं होतं. न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि त्यासाठी फिलबर्नच्या निकालाचा दाखला दिला.

1995 साली मात्र न्यायालयाने हात आखडला. सॅन अँटोनिओतला एक विद्यार्थी शाळेत पिस्तूल घेऊन आला होता. शाळेत शस्त्र बाळगणं म्हणजे व्यापार नव्हे, असं सांगून पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राचा शस्त्रबंदीचा कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती बंदी पुन्हा आणली, फक्त एक अट घालून: ते शस्त्र राज्याराज्यांमधल्या व्यापारातून आलेलं असावं किंवा त्या व्यापारावर परिणाम करणारं असावं.